टॅग लागतो, पण वर्कफ्लो सुरू होत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

छोट्या व्यवसायांना ऑटोमेशन लावून देणं हे माझं काम. क्लासेस, घरगुती खाद्यपदार्थ, सहली, दागिने, हंगामात आंब्याच्या पेट्या. धंदा वेगळा, साधन वेगळं, पण तक्रार बहुतेक वेळा तीच: "टॅग तर दिसतोय, मग मेसेज का गेला नाही?" टॅग म्हणजे ग्राहकाच्या नोंदीवर, म्हणजे कॉन्टॅक्टवर, लावलेली खूणचिठ्ठी; वर्कफ्लो म्हणजे ती लागली की आपोआप मेसेज पाठवणारी पायऱ्यांची साखळी. हा बिघाड इतक्यांदा दुरुस्त केला आहे की तपासण्याचा एक क्रम पक्का झाला आहे. फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी, डोकं खाणाऱ्या नंतर.

लक्षणं

तुमची तक्रार यातली नेमकी कुठली, ते आधी ठरवा.

- कॉन्टॅक्टवर टॅग दिसतो, पण वर्कफ्लोच्या यादीत त्याचं नावच नाही.
- नाव आहे, पण एका पायरीवर कधीचं थांबून राहिलं आहे.
- वर्कफ्लो 'पूर्ण' दाखवतो आणि ग्राहक म्हणतो, मला काहीच आलं नाही.
- काहींना मेसेज जातो, काहींना नाही. दोघांत फरक काय ते कळत नाही.
- नव्या लोकांना जातो, पूर्वीच्या ग्राहकांना जात नाही.
- एकाच माणसाला तोच मेसेज दोन-तीनदा जातो.
- महिनोन्‌महिने नीट चाललेलं काल-परवापासून बंद आहे.

वर्कफ्लोला हात लावण्याआधी एक माणूस निवडा

बिघाड दिसला की बहुतेक जण थेट वर्कफ्लो उघडून त्यात बदल करायला लागतात. असं करू नका. मूळ दोष तसाच राहतो, वर नवा दोष येतो आणि दोन दिवसांनी कोणी काय बदललं ते कोणालाच आठवत नाही.

त्याऐवजी ज्याला मेसेज गेला नाही असा एकच कॉन्टॅक्ट उघडा आणि त्याचा इतिहास वाचा. ॲक्टिव्हिटी, टाइमलाइन, हिस्ट्री अशा कुठल्या तरी नावाने तो प्रत्येक साधनात असतो. चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. टॅग लागला का, आणि किती वाजता? माणूस वर्कफ्लोमध्ये शिरला का? मेसेज निघाला का? निघाला असेल तर पोचला का? ज्या प्रश्नावर पहिलं 'नाही' येतं, बिघाड तिथेच आहे. टॅग लागलाच नसेल तर वर्कफ्लो कितीही तपासून उपयोग नाही; दोष फॉर्ममध्ये किंवा फॉर्म आणि साधन यांच्यातल्या जोडणीत आहे. माणूस आत शिरला असेल तर टॅगचं काम झालेलं आहे, पुढचं बघा.

हे करताना स्वतःचा नंबर किंवा ईमेल चाचणीसाठी वापरू नका. तुमचा कॉन्टॅक्ट त्या वर्कफ्लोमधून आधीच कितीदा तरी गेलेला असतो, त्यामुळे त्याचं वागणं नव्या ग्राहकासारखं नसतं. जीमेल असेल तर पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घाला. साधनाच्या लेखी तो नवा माणूस असतो, ईमेल मात्र तुमच्याच खात्यात येतं. दर चाचणीला नवा शब्द.

पहिली तपासणी: वर्कफ्लो खरोखर चालू आहे का

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण 'ड्राफ्ट'मध्ये राहिलेला वर्कफ्लो हे रोजचं कारण आहे. बदल सेव्ह करणं आणि प्रकाशित करणं या कित्येक साधनांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणीतरी मजकूर सुधारायला वर्कफ्लो थांबवला, सुधारला, सेव्ह केला आणि चालू करायचं राहून गेलं.

त्याच वेळी खात्याची स्थितीही बघून घ्या: प्लॅन संपला आहे का, कॉन्टॅक्टची मर्यादा ओलांडली आहे का, व्हॉट्सॲप किंवा एसएमएसचा बॅलन्स उरला आहे का. अचानक सगळंच बंद पडलं असेल तर सर्वांत आधी बॅलन्स.

दुसरी तपासणी: टॅगचं नाव अक्षरशः तेच आहे का

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण मराठीत काम करणाऱ्यांना हा दोष इतरांपेक्षा जास्त छळतो आणि कुठल्याही साधनाच्या मदतपानावर तो लिहिलेला नसतो.

नेहमीचे प्रकार सगळ्यांना माहीत असतात. नावाच्या शेवटी एक रिकामी जागा. एकीकडे जोडरेघ, दुसरीकडे अधोरेघ. एकाने 'डेमो बुक' टॅग केला, दुसऱ्याने 'डेमो बुकिंग'. वर्कफ्लो पहिल्याची वाट बघतोय, फॉर्म दुसरा लावतोय. टॅगची पूर्ण यादी उघडून अक्षरानुक्रमे लावली की अशी जुळी भावंडं शेजारीशेजारी दिसतात.

देवनागरीतली मेख यापेक्षा खोल आहे. 'ॲडमिशन' हा टॅग घ्या. काही कीबोर्ड सुरुवातीचं अक्षर एकच चिन्ह म्हणून टाकतात, तर काही 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हं टाकतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. सारखी दिसणारी अक्षरं एका रूपात आणायची युनिकोडची नेहमीची पद्धतही (सामान्यीकरण) या दोघांना एक करत नाही. ऑफिसातल्या एकाने फोनवरून टॅग बनवला आणि दुसऱ्याने लॅपटॉपवरून फॉर्ममध्ये लिहिला की गफलत झालीच. 'ऱ्या'चंही तसंच: 'खरेदी करणाऱ्या' यातला 'ऱ्या' कोणी नुक्त्याच्या 'ऱ'पासून बनवतो, तर कोणी साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतो. १० वीच्या टॅगमध्ये एकाने आकडा देवनागरीत लिहिला, दुसऱ्याने इंग्रजीत. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो, आधीचे दोन दिसतही नाहीत.

ओळखायचं कसं? दोन्हीकडची नावं कॉपी करून शीटमध्ये शेजारीशेजारी चिकटवा आणि अक्षरं मोजणारा लेन (LEN) हा फॉर्म्युला लावा. एकाच चिन्हाने सुरू होणारा 'ॲडमिशन' ६ मोजला जातो, दोन चिन्हांनी सुरू होणारा ७. आकडा वेगळा आला की चोर सापडला. शेवटची रिकामी जागाही यातच पकडली जाते. ट्रिम (TRIM) फॉर्म्युला साधी जागा काढतो, पण वेबपानावरून कॉपी होऊन आलेली न तुटणारी जागा तो काढत नाही. ती शोधून बदलावी लागते.

यावर माझा ठाम सल्ला असा, की वर्कफ्लो ज्या टॅगवर चालतो त्याचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, जोडरेघ घालून ठेवा. मराठीवर माझं प्रेम कमी नाही. ग्राहकाला जाणारा प्रत्येक शब्द शुद्ध मराठीत असावा, यासाठी मी भांडतो. पण हा टॅग ग्राहक कधीच वाचत नाही, तो यंत्रं एकमेकांना सांगतात. आणि तो हाताने टाइप करणं बंद करा. यादीतून निवडा किंवा कॉपी करा.

एक उपप्रकार आहे. कोणीतरी सफाई करताना टॅग पुसला आणि लक्षात आल्यावर त्याच नावाने परत बनवला. नाव तेच, पण साधन टॅगला आतून एका क्रमांकाने ओळखत असेल तर नव्या टॅगचा क्रमांक नवा असतो. वर्कफ्लो जुन्याचीच वाट बघत बसतो. उपाय सोपा: ट्रिगर (वर्कफ्लो कशावरून सुरू व्हायचा ती अट) उघडा, टॅग पुन्हा निवडा, प्रकाशित करा.

तिसरी तपासणी: टॅग आधीपासून होता का

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला सर्वांत मोठा गठ्ठा इथे सुटतो. ट्रिगरचं नाव 'टॅग लागला' असं असतं, आपण ते 'टॅग आहे' असं वाचतो. दारावरची बेल कोणीतरी बटण दाबतं तेव्हा वाजते. माणूस दारात नुसता उभा राहिला म्हणून वाजत नाही. ट्रिगरचं तसंच आहे. त्याला टॅग लागण्याचा क्षण हवा असतो. तो क्षण वर्कफ्लो चालू होण्याआधी येऊन गेला असेल, किंवा टॅग अंगावर असतानाच फॉर्मने तोच टॅग पुन्हा लावायचा प्रयत्न केला असेल, तर साधनाच्या दृष्टीने काहीही घडलेलं नसतं.

देवगडहून थेट पेट्या पाठवणाऱ्या एका बागायतदारांचं उदाहरण घ्या. पहिल्या हंगामात ज्याने पेटी मागवली त्याला 'हापूस ऑर्डर' टॅग लागला आणि त्यावरून पैसे मिळाल्याचा, पेटी निघाल्याचा आणि आंबे अढीत कसे ठेवायचे याचा, असे तीन मेसेज गेले. सगळं उत्तम. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच लोकांनी पुन्हा ऑर्डर दिली आणि कोणालाच काही गेलं नाही. नव्या ग्राहकांना मात्र व्यवस्थित जात होतं. म्हणजे सर्वांत निष्ठावान ग्राहक अंधारात आणि "पेटी निघाली का हो?" असे फोन दिवसभर. टॅग गेल्या वर्षापासून त्यांच्या अंगावर होताच. नव्याने लागायला जागा नव्हती.

खात्री करायची तर चाचणीच्या कॉन्टॅक्टवरून टॅग काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. आता वर्कफ्लो सुरू झाला तर निदान पक्कं.

जे जुने लोक राहून गेलेत त्यांना आत घ्यायचे मार्ग साधनागणिक वेगळे आहेत. हबस्पॉटमध्ये वर्कफ्लो चालू करतानाच विचारलं जातं की आत्ता अट पूर्ण करणाऱ्यांनाही घ्यायचं का. तिथे घाईत पुढचं बटण दाबू नका. ॲक्टिव्हकॅम्पेनसारख्या साधनांत निवडक कॉन्टॅक्ट एकगठ्ठा ऑटोमेशनमध्ये घालता येतात. मात्र सगळ्यांचा टॅग एकदम काढून एकदम लावण्याआधी दोन गोष्टी बघा. तोच टॅग ऐकणारा आणखी एखादा वर्कफ्लो आहे का? आणि मेसेजमधला मजकूर आज लागू आहे का? "उद्या संध्याकाळी तुमचा डेमो आहे" हा मेसेज तीन महिन्यांपूर्वीच्या चौकशीवाल्यांना गेला, तर निस्तरायला आठवडा जातो.

चौथी तपासणी: पुन्हा प्रवेशाची परवानगी

टॅग नीट काढून पुन्हा लावला, तरी जुना माणूस आत येत नाही? मग वर्कफ्लोची सेटिंग बघा. ॲक्टिव्हकॅम्पेनमध्ये सुरुवातीच्या ट्रिगरवर 'एकदाच' की 'अनेकदा' असा पर्याय असतो आणि तो आपसूक 'एकदाच' असतो. हबस्पॉटमध्येही पुन्हा प्रवेश मुळात बंद असतो. गोहायलेव्हलमध्येही त्यासाठी वेगळी सेटिंग असते.

ही सेटिंग अशी का ठेवलेली असते हे समजून घ्या, म्हणजे ती डोळे मिटून चालू करणार नाही. स्वागताचा मेसेज माणसाला एकदाच जायला हवा. तिथे 'एकदाच' हेच बरोबर. ऑर्डर, अपॉइंटमेंट, फी भरल्याची पोच या दर वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. तिथे 'अनेकदा' हवं. स्वागताच्या वर्कफ्लोला पुन्हा प्रवेश दिलात तर वर्षभराच्या ग्राहकाला परत "आमच्या कुटुंबात स्वागत आहे" जाईल.

तिसऱ्या तपासणीतला दोष कायमचा मिटवायचा तर टॅगचे दोन गट करा. एक कामाचे टॅग, ज्यांचा उपयोग फक्त वर्कफ्लो सुरू करण्यापुरता. दुसरे ओळखीचे टॅग, जे माणसाबद्दल काहीतरी सांगतात आणि अंगावर राहतात. कामाचा टॅग वर्कफ्लोच्या पहिल्या किंवा शेवटच्या पायरीत काढून टाकायचा. बागायतदारांकडे आम्ही हेच केलं: 'suru-order' हा टॅग लागतो, वर्कफ्लो सुरू होतो, टॅग निघतो, 'हापूस ग्राहक' हा मात्र कायम राहतो. आता तोच माणूस एका हंगामात चार पेट्या मागवो, चारही वेळा टॅग नव्याने लागतो. कामाच्या टॅगच्या नावाला सुरुवातीला एकच शब्द ठेवलात तर यादीत ते सगळे एकत्र दिसतात आणि सफाई करणाराही त्यांना हात लावायला बिचकतो.

पाचवी तपासणी: अटी आणि त्यांची वेळ

ट्रिगरला टॅगखेरीज आणखी अटी लावल्या आहेत का बघा. शहर पुणे, आणि वय अमुक, आणि सोर्स फेसबुक. यातली एक जरी रिकामी असली तरी माणूस बाहेर राहतो. 'आणि' हवं होतं की 'किंवा', हे मोठ्याने वाचून बघा.

यापेक्षा फसवा प्रकार वेळेचा आहे. फॉर्म भरला की टॅग आधी लागतो आणि शहराची माहिती काही सेकंदांनी कॉन्टॅक्टमध्ये उतरते. वर्कफ्लोने त्या मधल्या काळात "शहर पुणे की नाशिक?" असं विचारलं, तर उत्तर रिकामं येतं आणि सगळे 'इतर' फांदीत जातात. नंतर कॉन्टॅक्ट उघडून बघणाऱ्याला तिथे पुणे स्पष्ट दिसतं, म्हणून तो चक्रावतो. "काहींना जातो, काहींना नाही" या तक्रारीत माझा पहिला संशय इथेच जातो. अटीच्या आधी दोन-पाच मिनिटांची थांबायची पायरी घाला. शक्य असेल तर जोडणीतच क्रम बदला: आधी माहिती भरा, टॅग सगळ्यांत शेवटी.

सहावी तपासणी: घड्याळ

माणूस आत आहे पण पुढे सरकत नाही, तर खात्याचा टाइमझोन तपासा. परदेशी साधनांत खातं उघडताना तो अमेरिकेचा राहून जातो. समजा तुम्ही मेसेज सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्येच जावेत असं ठेवलं आहे आणि खातं न्यूयॉर्कच्या वेळेवर आहे. उन्हाळ्यात ती वेळ आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेचार होते, हिवाळ्यात आणखी एक तास पुढे. सकाळी चौकशी करणाऱ्याला रात्री उत्तर जातं, तोवर त्याने दुसरीकडे फी भरलेली असते.

रविवार वगळायची खूण आणि 'अमुक तारखेपर्यंत थांबा' यात राहिलेली जुनी तारीख, हेही याच वेळी बघून घ्या.

सातवी तपासणी: त्या माणसाची परवानगी आहे का

टॅग बरोबर, वर्कफ्लो बरोबर, तरी मेसेज 'वगळला' असं दिसतं. कॉन्टॅक्टची स्थिती बघा: अनसबस्क्राइब, डू नॉट डिस्टर्ब, ईमेल बाउन्स (न पोचता परत येणं), किंवा दुहेरी संमतीचं ईमेल आलं पण त्याने अजून होकाराचं बटण दाबलेलं नाही. अशा वेळी बरीच साधनं गाजावाजा न करता पायरी ओलांडून पुढे जातात, म्हणून वर्कफ्लो 'पूर्ण' दिसतो.

हा बिघाड नाही. साधन आपलं काम करतंय. तो माणूस नको म्हणाला आहे. त्याला दुसऱ्या नावाने नवा कॉन्टॅक्ट करून आत ढकलायची सूचना मला अनेकदा होते आणि मी ती मानत नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नको म्हटल्यावरही मेसेज पाठवणाऱ्याकडून कोणी खरेदी करत नाही.

आठवी तपासणी: मेसेज निघाला, पण पोचला का

इथून पुढे टॅगचा संबंध संपतो, पण तक्रार मात्र "टॅग चालत नाही" अशीच येते.

व्हॉट्सॲपवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासांच्या आत तुम्ही हवं ते लिहू शकता. त्यानंतर मंजूर टेम्प्लेटच, म्हणजे आधी मान्य करून घेतलेला ठरावीक मजकूरच चालतो. फॉर्मवरून आलेल्या माणसाने तुम्हाला मेसेज केलेलाच नसतो, त्यामुळे त्याला पहिला मेसेज टेम्प्लेटचाच हवा. ते मंजूर आहे का, तात्पुरतं थांबवलेलं तर नाही, आणि 'नाव' सारखी जागा रिकामी तर जात नाही, हे बघा. डिलिव्हरीच्या नोंदीत १३१०४९ हा क्रमांक दिसला, तर व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने त्या माणसाला मिळणाऱ्या जाहिरातवजा मेसेजची मर्यादा लावली आहे. तोच मेसेज लगेच पुन्हा पाठवून फरक पडत नाही. काही काळ जाऊ द्या, आणि खरंच महत्त्वाचं असेल तर ईमेल करा किंवा फोन उचला.

एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट यांची डीएलटी, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर, नोंदणी लागते. नोंदलेल्या मजकुरात आणि पाठवलेल्या मजकुरात स्वल्पविरामाचा फरकही मेसेज अडवायला पुरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदलेली असावी लागते. "कालपर्यंत जात होता" म्हणणाऱ्यांनी मजकुरात नुकती कुठली लिंक बदलली, ते आठवावं. प्रचाराचे एसएमएस सकाळी १० ते रात्री ९ याच वेळेत जातात.

ईमेलचं म्हणाल तर आधी प्रमोशन्स आणि स्पॅम हे कप्पे बघा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ईमेल खरंच तुमच्या डोमेनवरून आल्याची खात्री देणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय. तुम्ही त्याहून कमी पाठवत असलात तरी तिन्ही लावून घ्या.

नववी तपासणी: टॅग लावतंय कोण

आता कठीण भाग. टॅग लागलाच नसेल, किंवा भलत्याच कॉन्टॅक्टला लागला असेल, तर फॉर्म आणि साधन यांच्यामधली जोडणी बघावी लागते. ती झॅपियर किंवा पॅबली अशा दोन साधनं जोडणाऱ्या सेवेची असो किंवा कोणी लिहून दिलेली असो.

दुहेरी कॉन्टॅक्ट हा इथला नेहमीचा आरोपी. एका फॉर्ममधून नंबर +९१ सकट येतो, दुसऱ्यातून शून्य लावून, तिसऱ्यातून नुसते दहा आकडे. साधन त्यांना तीन माणसं समजतं. टॅग एकावर लागतो, ईमेल दुसऱ्याकडे असतं, व्हॉट्सॲपची संमती तिसऱ्याकडे. नंबराचे शेवटचे सहा आकडे टाकून शोधा. तीन नावं आली तर कारण सापडलं. विलीन करा, आणि जोडणीतच नंबर एका साच्यात आणायची पायरी घाला. नुसतं विलीन करून थांबलात तर आठवड्याभरात पुन्हा तेच.

दुसरा प्रकार, जोडणी टॅग वाढवते की बदलते. काही जोडण्या नवा टॅग जोडतात, काही जुनी सगळी यादी पुसून नवी लिहितात. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाने नवा फॉर्म भरला की आधीचे टॅग गायब होतात, आणि टॅग निघाल्यावर चालणारे वर्कफ्लो विनाकारण सुटतात. इतिहासात एकाच सेकंदाला चार टॅग निघालेले दिसले तर हेच समजा.

एक्सेलमधून यादी आत घेतली असेल तर ती घेताना 'ऑटोमेशन चालवायचं का' असा पर्याय होता का, ते आठवा. कित्येक साधनांत तो असतो, आणि हजार लोकांना एकदम मेसेज जाऊ नये म्हणून बंद ठेवलेला असतो.

दहावी तपासणी: वर्कफ्लो एकमेकांना हाका मारतात का

तोच मेसेज दोन-तीनदा जात असेल, तर सगळ्यात वाईट शक्यता ही. पहिला वर्कफ्लो शेवटी एक टॅग लावतो, त्यावर दुसरा सुरू होतो, दुसरा पहिल्याचा टॅग काढून पुन्हा लावतो. पुन्हा प्रवेश चालू असेल तर हे चक्र थांबत नाही.

पडद्यावर हे उलगडत नाही; मोठा कागद घ्या. प्रत्येक टॅगसमोर तीन रकाने: कोण लावतं, कोण ऐकतं, कोण काढतं. फॉर्म, जोडणी, वर्कफ्लो आणि हाताने टॅग लावणारे कर्मचारी, सगळे लिहा. ज्या टॅगला लावणारे दोन आहेत तिथे दुहेरी मेसेजचं कारण बहुधा सापडतं. ज्याला ऐकणारं कोणीच नाही तो बंद वर्कफ्लोचा अवशेष. बाण काढत गेलात आणि जिथून निघालात तिथेच पोचलात, तर चक्र मिळालं. एक टॅग लावणारा एकच ठेवला, तर या भानगडी पुन्हा सहसा होत नाहीत. हा कागद फेकू नका, भिंतीवर लावा.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काही दिसलं तर स्वतः प्रयोग करणं थांबवा.

चुकीचा मेसेज शेकडो लोकांना जातोय: आधी वर्कफ्लो थांबवा, कारण नंतर शोधा. पण थांबवलेला वर्कफ्लो परत चालू करण्याआधी जाणकाराला दाखवा. मध्ये अडकून राहिलेल्यांचे मेसेज काही साधनांत चालू करताच एकदम सुटतात.

जोडणीच्या नोंदीत ४०१ किंवा ४२९ असे क्रमांक वारंवार येतायत: पहिल्याचा अर्थ ओळख नाकारली, दुसऱ्याचा विनंत्या मर्यादेबाहेर गेल्या. ४०१ असेल तर खातं एकदा तोडून पुन्हा जोडून बघायला हरकत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर ज्याने जोडणी केली त्यालाच बोलवा. डोमेनच्या डीएनएस नोंदी (वेबसाइट आणि ईमेल कुठे जायचं ते सांगणाऱ्या) कधी बदलल्या नसतील तर एसपीएफ-डीकेआयएमसाठी पहिल्यांदाच त्यात हात घालू नका. एक ओळ चुकली तर ऑफिसचं सगळं ईमेल बंद पडतं. व्हॉट्सॲप नंबरची गुणवत्ता घसरल्याची सूचना आली असेल तर प्रचाराचे सगळे मेसेज बंद ठेवून ज्यांच्याकडून सेवा घेतली त्यांच्याशी बोला. टॅगवरून पावत्या, फीची पोच किंवा रुग्णांच्या तपासणीच्या वेळा जात असतील, तर तिसऱ्या तपासणीपर्यंत दोष सापडला नाही की लगेच व्यावसायिकाला गाठा. तिथे एक चुकलेला मेसेज म्हणजे एखाद्याची औषधाची वेळ चुकणं.

मदत मागताना "ऑटोमेशन चालत नाही" एवढंच लिहिलंत तर पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांतच जातात. एका कॉन्टॅक्टचा क्रमांक, टॅग लागल्याची वेळ टाइमझोनसकट, वर्कफ्लोचं नाव, इतिहासाचा स्क्रीनशॉट, आणि यातल्या कुठल्या तपासण्या झाल्या, इतकं पहिल्याच ईमेलमध्ये द्या. स्क्रीनशॉटमध्ये ग्राहकाचं नाव आणि नंबर झाका. पासवर्ड, ओटीपी किंवा 'एपीआय की' (साधनं जोडायची गुप्त चावी) कोणालाही पाठवू नका, कितीही घाई असली तरी. समोरच्याला प्रवेश द्यायचाच असेल तर त्याच्या नावाने वेगळा वापरकर्ता बनवा आणि काम झालं की काढून टाका.